भोपळ्यावर चिकटवलेली ज्वारी

कर्नाटकातल्या हुलसूरजवळच्या एका मराठी शाळेतल्या उमादेवी बाईंचा आवाज म्हणजे काय सांगावं! चौथीच्या वर्गात त्या पाढे म्हणायला लागल्या की रस्त्यापलीकडची माणसं बोलणं थांबवायची. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी, तिन्ही भाषांत पट्टी एकच, वरची. अठरा वर्षं त्यांनी या आवाजावर शिकवलं. तक्ते, पृथ्वीचा गोल, चित्रं सगळं कपाटात. शिक्षण खात्यानं टीव्ही दिला, तर त्यातले धडे कन्नडमधून. "मराठी शाळेत हे डबडं काय करायचं? माझं तोंड हाय की!" असं म्हणून बाईंनी त्यावर चादर टाकली ती टाकलीच.

आणि मग दिवाळीनंतर ते तोंडच बंद झालं. घसा बसला, तो उठेचना. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, तपासायला पाठवली आणि बजावलं, "तीन आठवडे एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. रिपोर्ट आल्यावर पुढचं बघू." गाठ वाईट निघाली तर शिकवणं कायमचं सुटणार, हे डॉक्टरांनी हळू आवाजात नवऱ्याला सांगितलं; पण बाईंनी ते ऐकलंच. जिनं जन्मभर आवाजावरच कमाई केली, तिनं आवाज गेल्यावर करायचं काय?

"घरी बस की गप," शंकरप्पा म्हणाले. नवरा भला माणूस, पण त्याला काय कळणार! शाळेत शिकवणारे दोघंच. बाई घरी बसल्या तर चौथीकडं बघणार कोण? तिसऱ्या दिवशी त्या वर्गात हजर. फळ्यावर लिहिलं, "मला बोलायला मनाई आहे." आणि नाइलाज म्हणून टीव्हीवरची चादर काढली.

पृथ्वीचा धडा होता. कन्नड आवाजानं मराठी धड्याचा गोंधळ नको म्हणून बाईंनी टीव्हीचा आवाज पार बंद केला. निळा गोळा अंधारात गरगर फिरायला लागला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, "काय दिसतंय, तुम्ही सांगा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. या वर्गात सांगायच्या त्या बाई. पोरांनी फक्त 'हो बाई' म्हणायचं. शेवटी चन्नव्वा उठली, हुशार पोर, पाठांतरात पहिली.

"बाई, ही पृथ्वी. गोल हाय. आपण हिच्या आत ऱ्हातो."

बाईंनी कान टवकारले.

"आत म्हंजे बुडाला. आन् वरचा अर्धा निळा हाय का न्हाई, ते आभाळ."

"व्हय बाई," तानाजी म्हणाला. "आतच. भाईर असलो असतो तर पडलो नसतो का?"

बाईंनी हात वर करायची खूण केली. फळ्यावर लिहिलं, "आत राहतो म्हणणारे किती?" सव्वीसपैकी एकवीस हात!

बाईंनी कपाळावर हात मारला. अठरा वर्षं! 'पृथ्वी गोल आहे' हे वाक्य त्यांनी इतकं ओरडून सांगितलं होतं की बहिऱ्यालाही पाठ व्हावं. सगळ्यांना पाठ होतंच की. आणि दरसाल पोरं मनातल्या मनात त्या गोळ्याच्या पोटात संसार मांडून बसली होती! आवाज असता तर त्या दिवशी छप्पर उडालं असतं. पण रागवायचीही सोय नव्हती.

त्या तडक शाळेच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दुपारच्या आमटीसाठी आणलेला लाल भोपळा उचलून आणला. ज्वारीचा एक दाणा गूळ लावून सालीवर चिकटवला. आधी दाण्याकडं बोट, मग चन्नव्वाकडं.

"ही मी?" पोरीचे डोळे मोठे झाले. "सालीवर? भाईरून?"

बाईंनी मान हलवली आणि दुसरा दाणा भोपळ्याच्या खाली चिकटवला.

"अगं बाई! मग खालचा पडत कामून न्हाई?"

या वर्गात पोरांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मग काय, एकच गिल्ला! कुणी म्हणालं गूळ हाय म्हणून, कुणी म्हणालं पृथ्वीच धरायलीय. बाई खुर्चीत बसून ऐकत राहिल्या. शरमही वाटत होती आणि, खोटं कशाला बोला, मजाही वाटत होती.

पुढं रोज तेच. टीव्ही मुका, बाई मुक्या आणि पोरं बडबडी. दिवस बरा जायचा. पण फोन वाजला की रिपोर्टच आठवायचा.

बाराव्या दिवशी मुख्याध्यापक किशनराव फोन हातात धरूनच वर्गाच्या दारात आले. "बाई, शंकरप्पांचा फोन! रिपोर्ट आला. गाठ साधी हाय! आठ-दहा दिवसांत बोलताल!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. केवढं तरी ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशानं? डोळ्यांतून नुसत्या धारा. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "गाठ साधी आहे. मी बोलणार."

पोरांनी ते एका सुरात, शाळा दणाणून टाकत वाचलं. टाळ्या पिटल्या. मग चन्नव्वा हळूच उठली.

"बाई, तुमी बोलाय लागल्यावर... आमाला बोलू देताल का?"

उमादेवी बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "व्हय."