आत्यांचं तळं

माझ्या सासूबाई समुद्राला तळं म्हणतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण या अंबुबाईंपुढे, म्हणजे सासूबाईंपुढे, मी केव्हाच हात टेकलेत. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, तशी मीही म्हणते. भांडतानासुद्धा आत्याच म्हणते, आणि भांडण रोज असतं.

आत्या सांगोल्याकडच्या माळावरच्या. मेंढरांमागं जन्म गेला. मामंजी वारले, मेंढरं विकली, आणि अजिनाथ, म्हणजे माझा नवरा, त्यांना जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. दिवसभर त्या गॅलरीत उकिडव्या बसतात आणि कपाळावर हात धरून खालच्या रिक्षा बघतात. एखादी वाकडी घुसली की मेंढरू वळवावं तसं जिभेनं ट्रर्र करतात. शेजारच्या वहिनी हसतात, मी चिडते, आत्यांना दोन्हीचं काही नसतं.

त्यांच्या गावाजवळ पाझर तलाव आहे. पावसाळ्यात भरला तर भरला. दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागं सरतं आणि खालची ओली जमीन उघडी पडते. लोक तिथं हरभरा टाकतात, मेंढरं चारतात. त्या जमिनीला आत्या तळ्याचं पोट म्हणतात. त्यांच्या लहानपणी पोरंटोरं तिथंच खेळायची, कारण गावात तेवढीच एक गार जागा. तिथला नियम साधा होता. पाणी एकदा मागं गेलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरून येत नाही. हा नियम आत्यांना कुणी शिकवला नव्हता, आपल्याला भूक लागते हे जसं कुणी शिकवत नाही तसाच.

नाताळच्या सुट्टीत अजिनाथनं कोकणात जायचं काढलं. आईला एकदा समुद्र दाखवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. कावेरी दुसरीत, बिरू अजून बालवाडीत. मालवणच्या अलीकडं एका खाडीच्या तोंडाशी बाबल नावाच्या गृहस्थांच्या घरात आम्ही उतरलो. गल्लीतलं शेवटचं घर, मागच्या दारातून चार पावलं टाकली की वाळू. मी हरखले. आत्या मात्र अंगणातून पुढं जाईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळे तांबारलेले दिसले.

"झोप नाही लागली का?" मी विचारलं.

"हे तळं झोपतच न्हाय की गं. रातभर श्वास घेतंय."

"आत्या, समुद्र आहे तो."

"असंल. पर माणसागत श्वास घेतंय."

मी हसले. चहा पिताना मात्र माझं लक्ष त्या आवाजाकडं गेलं, आणि एकदा गेलं ते गेलं. आत, बाहेर, आत, बाहेर. मग मी मुद्दाम मोबाइलवर गाणी लावली.

दुपारी अजिनाथ गाडीचं पंक्चर काढायला बाजारात गेला. मी पोरांचे वाळूनं भरलेले कपडे धुतले आणि धुता धुता सगळ्यांना तंबी दिली, "पाण्यात पाय घालायचा नाही. पाय ओला दिसला तर तंगडं मोडीन." आत्यांकडं बघून म्हटलं, "तुम्हालाही सांगतेय." त्या म्हणाल्या, "न्हाय जात बाई पाण्यात." त्यांनी शब्द मोडला नाही, हे आधीच सांगून ठेवते. मग मी जरा आडवी झाले आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय, ते कळेना. मग लक्षात आलं, श्वासाचा आवाज थांबला होता. खोलीत तांबूस उजेड आला होता आणि घरात कुणाचीच चाहूल नव्हती.

मागचं दार उघडं होतं. अंगणाच्या कडेला पोरांच्या चपला काढून ठेवलेल्या. समुद्र तर कुठंच नव्हता, होती ती फक्त ओली वाळू, लांबवर. त्या वाळूत पावलांचे ठसे सरळ पुढं गेले होते, दोघांचे लहान आणि एकीचे मोठे, रुंद, अनवाणी. आत्यांनी पोरांना तळ्याच्या पोटात नेलं होतं. मी ठशांमागं चालू लागले. पुढं पुढं प्रत्येक ठशात पाणी दिसायला लागलं. लाट नव्हती, आवाज नव्हता. खालून, वाळूतनं वर येत होतं ते.

थोडं पुढं ठसे संपले. तिथं आता पाणी होतं. रुंद, गुळगुळीत पट्टा, आणि आडवा सरकत होता. त्याच्या पलीकडं, लांब, वाळूचा उंचवटा, आणि त्यावर माझी पोरं वाकून शिंपले वेचत होती. आत्या त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या, किनाऱ्याकडं पाठ करून.

मी ओरडायला छाती भरून घेतली, तेवढ्यात मागून बाबलनी दंड धरला. ते धावत आले होते, हातात बॅटरी.

"आराडू नको! तुझो आवाज आयकलो की पोरां सरळ धावत येतली. हय मधी माणूसभर खोल चर आसा. भरती लागली हा."

"मग काय करू?"

"काय नको करू. थय खडपाकडसून वाट आसा, मी थय जाऊन बॅटरी दाखवतंय. तू फक्त गप रव." आणि ते डावीकडच्या खडकांकडं पळाले.

माझा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जातो. मुख्याध्यापक म्हणतात, बाईंना घंटेची गरज नाही. तो आवाज गळ्यात घेऊन मी उभी राहिले. ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांनी धरला, कारण माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. पोरं बुडाली तर मी इथंच, या वाळूवर मरणार, एवढंच मनात होतं.

सूर्य गेला. उजेड करडा झाला. तो उंचवटा डोळ्यांदेखत आक्रसत होता. आत्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी किनाऱ्याकडं बघितलं, आणि आपण ज्या वाटेनं आलो त्या वाटेवर पाणी आहे हे त्यांना दिसलं. त्या तशाच बघत राहिल्या. पाणी फिरून आलं होतं. त्यांच्या सबंध आयुष्यात ते असं कधी आलं नव्हतं. कावेरीचं रडणं पाण्यावरून बारीक ऐकू यायला लागलं.

मग बिरूनं मान वर केली. माझ्याकडं नाही. दुसरीकडं, खुल्या समुद्राकडं. आणि पाण्यावरून त्याचा आवाज स्वच्छ आला.

"आलो गं आई!"

माझ्या तोंडात बोळा होता.

तो पळाला. समुद्राच्या दिशेनं, हात पुढं करून, संध्याकाळी शाळेच्या फाटकातून माझ्याकडं पळत येतो तसा. कावेरीचं रडं थांबलं होतं. तीही तिकडंच तोंड करून चालायला लागली. आत्यांनी झेप घेऊन बिरूचा दंड पकडला. तो हिसके देत होता, "आई बोलावतीय, सोड की!" आत्यांनी त्याला एक ठेवून दिली, कमरेवर घेतला, कावेरीचं मनगट आवळलं. तेवढ्यात खडकांवर बॅटरी हलली. त्या उजेडाकडं त्या चालायला लागल्या. मधेच थांबल्या. पुन्हा मागं, समुद्राकडं बघितलं, आणि एक पाऊल, हो, एक पाऊल तिकडं टाकलंही. मग त्यांनी मान झटकली आणि ओढत, पोरांना अक्षरशः फरपटत, उजेडाकडं निघाल्या. पाणी त्यांच्या गुडघ्याला आलं, मग कावेरीच्या कमरेला. मी किनाऱ्यानं खडकांकडं धावत सुटले.

पोरं हाती लागली तेव्हा आधी मारलं की आधी जवळ घेतलं, आठवत नाही. बाबल माझ्यावरच उखडले.

"तुका सांगितलंय ना हाक मारू नको? कित्याक आराडलंस?"

मी ओढणी पुढं केली. बोळा अजून मुठीत होता, ओला, दातांनी फाटलेला. बाबलनी तो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. बॅटरी समुद्राकडं रोखलेली होती, ती त्यांनी पटकन खाली केली.

"घरात चला," एवढंच म्हणाले. "दारां लावून घेवा."

अजिनाथला आम्ही भरतीचं तेवढं सांगितलं. तो आईला काही बोलला नाही. मीही बोलले नाही, याचंच त्याला जास्त आश्चर्य वाटलं. सकाळीच आम्ही निघालो.

मिरज मागं पडलं, रस्त्याकडेला बाभळी दिसायला लागल्या, तेव्हा चहासाठी थांबलो. अजिनाथ पोरांना बिस्किटं घ्यायला घेऊन गेला. लख्ख ऊन होतं. मग मला धीर आला.

"आत्या, काल तुम्ही काय ऐकलंत?"

त्या बशीतला चहा फुंकत राहिल्या. "माजीच चूक झाली, पोरी. पाणी असं फिरून येतं हे मला काय म्हाईत?"

"ते नाही विचारत. हाक कुणाची होती?"

"तुजी."

"मी तोंड उघडलं नव्हतं."

"म्हाईत हाय. पर आवाज तुजाच व्हता. पाणी बोलतंय का तू, काय कळंना. माजा बी पाय उचलला की."

"मग थांबलात कशा?"

आत्यांनी बशी खाली ठेवली. "लई गोड बोलवत व्हती गं ती. ये रे राजा, ये गं माजे बाई, असं. पोरं पाण्यात अडकल्यात आन तू गोड बोलशील व्हय? तू असतीस तर आदी माजा उद्धार केला असतास, मंग पोरांचा. म्हनलं, ही आपली न्हवं."

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. टपरीवाला बघत राहिला. आत्यांनी पदरानं माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

सोलापूरला आल्यावर मी ठरवलं की आता पोरांवर ओरडायचं नाही. देवानं परत दिलीत, जरा मायेनं वागावं. पुढच्या रविवारी दुपारी भाकरी थापता थापता मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "बिरू, ये रे राजा. कावेरी, ये गं माझे बाई. जेवायला चला."

कुणी आलं नाही. टीव्हीचा आवाज बंद झाला.

मी पिठाच्या हातानं बाहेर आले. दोघं हॉलच्या मधोमध उभी होती. कावेरीनं बिरूचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि दोघंही माझ्याकडं बघत होती, ओळख नसल्यासारखी. बिरूचा खालचा ओठ थरथरत होता. गॅलरीच्या दारात आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. त्याही माझ्याकडंच बघत होत्या.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

"कार्ट्यांनो, कान फुटलेत का?" मी खच्चून ओरडले. "ताटं घ्या आधी! आणि आत्या, तुम्हाला काय वेगळं निमंत्रण पाहिजे?"

बिरू रडत रडत धावत आला आणि माझ्या पोटाला घट्ट मिठी मारून राहिला.