इंजिनाचं औषध आणि मामांचं हँडल

रंगमंचावरचे राजे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्यापुढं मुजरेही केले. पण राजासारखा बसलेला माणूस विचाराल तर मी मीरासाहेबांचं नाव घेईन. आमच्या तमाशाच्या फडाचे ते ड्रायव्हर. आम्ही पोरी त्यांना मामा म्हणायचो. आणि ते बसले होते मोटारीच्या पायरीवर, मांडीवर इंजिनाचं हँडल घेऊन.

पावसाळ्यात आमचा मुक्काम दौंडला असे. फड दसऱ्याला बाहेर पडायचा. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ढोलकी, घुंगरं, तलवारी सगळं लख्ख पुसून पूजेला मांडायचं. शेजारी मोटार उभी करायची. लष्करी लिलावातली, मागं फळ्या ठोकलेली, धूर ओकणारी. एका साली मालक पोपटरावांच्या मनानं घेतलं, सगळं स्वच्छ होतंय तर इंजिन आतून का नको? स्टेशनाजवळच्या एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी डबा आणला. औषध तेलात ओतायचं, इंजिन थोडं चालवायचं, तेल सोडून द्यायचं. काळं जातं, धूर जातो, इंजिन नवं होतं, असं त्यानं सांगितलेलं.

"मामा, वता," पोपटराव म्हणाले.

मामांनी डबा हुंगला आणि खाली ठेवला. "न्हाई वतणार."

"का? धुरानं पोरींची तोंडं काळी व्हत्यात!"

"तोंडं धुता येत्यात, मालक. आतला चिकटा सुटून तेलाच्या चाळणीत बसला तर इंजिन तेलाविना जळंल. साफ करायचंच तर खालचा तेलाचा चेंबर उतरवतो, हातानं खरवडतो. मला वेळ द्या."

"परवा कवठे येमाईला खेळ हाय! वेळ कुठनं आणू?"

"मग हाय तसं जाऊ."

"आरं, डब्यावर लिवलंय, इंजिनाला काय व्हत न्हाई म्हणून!"

"गाडी काय डबा चालवतोय?"

आम्ही पदरात तोंड घालून हसलो, आणि तिथंच बिघडलं. पोपटराव भडकले. "औषध पडंल, न्हाईतर तुम्ही गाडीवरनं उतराल! ड्रायव्हर काय, छप्पन मिळत्यात!"

मामांनी शांतपणे हँडल उचललं आणि पायरीवर बसले. बॅटरी कधीच मेली होती; हँडल मारल्याशिवाय ती मोटार देवाचंही ऐकत नसे.

"उतरवा. पर हे माझ्या हातात हाय तवर हिच्या पोटात काय जायचं न्हाई. त्या डब्यात काय हाय, मला ठाव न्हाई. तुम्हाला तरी ठाव हाय का?"

पूजा खोळंबली. मग माझ्यातली नटी जागी झाली. पूजेतली ढोलकी मी काखोटीला मारली आणि पाण्याची कळशी उचलली.

"ए धुरपदा, काय करतीस?" पोपटराव ओरडले. ते स्वतः जुने ढोलकीवाले. ढोलकीच्या डाव्या पानाला, म्हणजे कातड्याला, आतून चिकट मसाला लावतात, त्यावर तिचा घुमारा. आमच्या ढोलकीचा मसाला ते दुसऱ्या कुणाला लावू देत नसत.

"आतनं धुते, मालक. कसला चिकटा साचलाय! आज सगळं लख्ख पायजे."

"ठेव खाली! मसाला गेला तर बोलंल का ती?" त्यांनी ढोलकी हिसकावून घेतली. मग मोटारीकडं पाहिलं आणि पुटपुटले, "मोटार म्हंजी ढोलकी न्हवं."

"न्हाईच," मामा म्हणाले. "ढोलकी फुटली तर दुसरी वाजवाल. ही मधीच जळली तर पोरी माळावर बसतील."

मी माझे घुंगरू मामांच्या पायाशी ठेवले. "मामा चाकावर नसतील तर मी कवठ्याला नाचणार न्हाई." माझ्यासोबत नाचणाऱ्या नकुशीनं, गीताबाईनंही आपापले आणून ठेवले.

पोपटरावांनी डबा उचलून पेटाऱ्यामागं टाकला. "बसा चाकावर. पर धूर झाला तर मला सांगू नका!"

"सांगायचं कशाला? दिसंल की!"

शिरूर ओलांडेपर्यंत आमची तोंडं तव्यासारखी झाली, पण खेळ वेळेवर उभा राहिला. पुढच्या पावसाळ्यात मामांनी चेंबर उतरवून उलथन्यानं घमेलंभर काळा चिकटा काढला. धूर तरीही थांबला नाही! मामा म्हणाले, "म्हातारी हाय, खोकणारच." फड मोडेपर्यंत त्यांनीच ती चालवली. लांबून धूर दिसला की पोरं ओरडत सुटायची, तमाशा आला! दवंडी पिटायला आम्हाला माणूस कधी लागला नाही.