गोलकीपरचं मागचं पाऊल

मेक्सिकोचा एक गोलकीपर खेळ थांबवून कोच झाला, ही बातमी तुम्हीही पेपरात वाचली असेल. पण आमच्या चोपडा गावचा गोलकीपर खेळ थांबवल्यावर कोण होतो, हे कधी कुणाला विचारलंत?

मी विचारलं होतं. वय एकोणीस, घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त, त्यामुळे पत्रक काढूनच विचारलं.

आमच्या टीमचा गोलकीपर केळीच्या ट्रकवर हमाली करायचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. खालून आलेला घड ट्रकवरच्या माणसानं छातीशी धरायचा आणि धरताना एक पाऊल मागे घ्यायचं, म्हणजे केळ्याला मार बसत नाही. भाऊ बॉलही तसाच झेलायचा. बारा वर्षांत त्याच्या हातून ना घड सुटला, ना बॉल. मग गुडघा गेला, आणि त्याला पोरांना शिकवायची इच्छा झाली.

टीम चालवणाऱ्या कमिटीला मात्र कोच म्हणून धुळ्याचे एक सर हवे होते. त्यांच्याकडे सर्टिफिकेट होतं. ते कबड्डीचं होतं, पण शिक्का ठळक होता.

मी पत्रकावर मेक्सिकोवाल्याशेजारी भाऊला उभं केलं आणि खाली छापलं, ‘अमळनेरच्या मॅचला बघून घ्या.’ हे भाऊला विचारायचं राहून गेलं. कमिटीनं ते आनंदानं मान्य केलं: जिंकलात तर भाऊ कोच, हरलात तर धुळ्याचे सर. अध्यक्ष म्हणाले, आमची लोकशाहीच आहे.

भाऊनं पंधरा दिवस जीव तोडून शिकवलं. शेवटच्या पाच मिनिटांत अमळनेरच्या पोरानं जोरात बॉल मारला. आमच्या नव्या गोलकीपरनं तो छातीशी घट्ट धरला आणि शिकवल्याप्रमाणे एक पाऊल मागे घेतलं. बॉल हातातच होता. फक्त गोलकीपर बॉलसकट गोलच्या रेघेच्या आत गेला होता.

भाऊ स्वतः नेहमी रेघेच्या दोन हात पुढे उभा राहायचा, पण ती सवय शिकवायची असते हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच गोलनं आम्ही हरलो. कमिटीतले हसले. पोरगा रडायला लागला. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, “पोऱ्यानी चूक नही. मनी शे. मी त्याले घड झेलाले शिकाडं.”

एवढ्या वर्षांत त्या मैदानावर चूक कबूल करणारा तो पहिला माणूस. कमिटीनं ती कबुली राजीनामा म्हणून स्वीकारली. पैज मी लावली होती, हे मला पत्रक काढून सांगता आलं असतं. त्या आठवड्यात मला शाई मिळाली नाही.

धुळ्याचे सर आले. त्यांच्या हाताखाली आम्ही नियमानं हरलो. चूक कधी रेफरीची असे, कधी उन्हाची. भाऊ मात्र सकाळी ट्रक भरायच्या आधी मैदानावर यायचा आणि गोलच्या पुढे दोन हातांवर चुन्याची एक जादा रेघ ओढायचा. गोलकीपरनं तिथे उभं राहायचं. मग हवं तर पाऊल मागे घ्यायचं. सर ती पुसायला लावायचे, नियमात नाही म्हणून. पोरं तरी तिथेच उभी राहायची, आणि तसले गोल थांबले.

भाऊ अजून येतो. रेघ अजून पुसली जाते. तुम्ही त्या मैदानावरून गेलात आणि ती दिसली नाही, तर कोपऱ्यात चुन्याची बादली असते. दोन हात मोजा आणि ओढा.