उरणचा माईक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसं मोठं काही नाही — निदान मी स्वतःला तसंच सांगत आलो.

पनवेलच्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवायचो. मालकांनी उरणला शाखा काढली, पण तिथे शिक्षक ठेवले नाहीत. मी पनवेलहून कॅमेऱ्यासमोर शिकवायचं, उरणच्या मुलांनी पडद्यावर बघायचं. तिथला लॅपटॉप आणि माईक सांभाळायला संगीता होती. तिथल्याच कोळीवाड्यातली.

उद्घाटन पनवेललाच झालं, माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहून. नारळ फोडला, तो सुदैवाने लॅपटॉपपासून लांब. प्रमुख पाहुणे एक शेठ होते, जमिनी विकून बिल्डर झालेले. भाषणं झाली, मग माझा तास. शेठ माझ्या मागेच खुर्ची टाकून बसले.

उरणहून एक मुलगा म्हणाला, "सर, समजला नाय." मी परत सांगितलं. "अजून नाय, सर." पुन्हा सांगितलं. "सर, पयल्यापासून सांगा ना." मागे कुणीतरी हसलं. मालक खाकरले. आणि मी — दुसरं काय करता आलं असतं? पुष्कळ. मी उरणचा माईक बंद केला. मी बंद केलेला माईक तिकडून चालू होत नसे. चावी माझ्याकडेच.

उरलेला तास सुरळीत झाला. शेवटी शेठ कॅमेऱ्याकडे वाकून म्हणाले, "काय रं पोरांनो, समजतंय ना?" पडद्यावर मुलांची तोंडं हलली. आवाज नाही. "मुकी हायेत का काय?" शेठ म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. एक बटण दाबायचं होतं, बस. मी म्हणालो, "तिकडचा माईक गेलाय बहुतेक." ते 'बहुतेक' मी कशाला जोडलं — खोटं जरा सौम्य व्हावं म्हणून?

माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात संगीताचे मेसेज येत होते. 'सर माईक तुम्ही बंद केलाय.' मग, 'सर प्लीज चालू करा.' ते फक्त मलाच दिसत होते. मी तो चौकोन मिटवला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला काढलं. संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, चुकून झाला म्हणून सांगा ना त्यांना. मी काय बोलनार नाय. ह्यांची बोट बंद हाय, तुमाला म्हाईत हाय ना." मला माहीत होतं. घर तिच्या पगारावर चाललं होतं. मी "बघतो" म्हणालो. नंतर तिचे फोन उचलले नाहीत.

तेव्हा मला काय वाटलं? पुष्कळदा आठवून पाहिलंय. लाज, भीती, काहीच सापडत नाही. जेवलो, झोपलो.

पुढच्या तासाला तिच्या जागी नवा माणूस होता. मी विचारलं, "उरण, ऐकू येतंय?"

"एकदम क्लिअर, सर."

शेजारी उभे असलेले मालक म्हणाले, "बघा सर, माणूस बदलला की मशीन सुधारतं."

मी म्हणालो, "हो."