औजार एकटं जात नाही

हातोडी निवडण्यापेक्षा जावई निवडणं सोपं, असं मानणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो अकोटात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा, याचा मला आजही माज आहे. शेजारचे चाचा म्हणजे जिनिंगमधले जुने फिटर. कापसाची दैना झाली, जिनिंगला कुलूप लागलं, पण चाचांचा रुबाब तसूभर कमी झाला नाही. दुकानात गेले की डोळे मिटून हातोडीचा दांडा तळहातावर तोलायचे, पकड कानाशी धरून उघडझाप करायचे. तोवर दुकानदार बिचारा दोनदा चहा सांगायचा. मी काही घ्यायला सोबत असलो, की मग माझी उलटतपासणी. "गेल्या साली घरात काय काय बिघडलं?" नळ आणि दाराची कडी, असं म्हटलं की निकाल लागे. "मंग एक पाना अन् एक पेचकस घ्या. बाकी सारं शोभेचं!"

त्यांच्याकडे काही मागायला जावं, तर आधी चपला घालायचे. "औजार एकटं कुठी जात नाई, मास्तर. मी संग येतो." पेचकसासोबत चाचा, चाचांसोबत चहा आणि चहासोबत आमच्या भिंतींची यथेच्छ निंदा, असा सगळा लवाजमा घरी यायचा.

आई न्हाणीत पडली आणि अकोल्याला तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा पडली तर उठणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती घरी यायच्या आत न्हाणीत धरायला दांडा बसवायचा होता. मी शहाणा! चाचांना न विचारता विजेचं लालचुटूक ड्रिल घेऊन आलो. चाचांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "मशीन झ्याक हाय. पन लाइन कोन देईन?" मी हसण्यावारी नेलं. आई यायच्या दिवशी सकाळीच वीज गेली. त्या वर्षांत ती गेली की कधी येईल, देव जाणे. दुपारी बहिणीचा फोन आला, "संध्याकाळपर्यंत आईला घेऊन पोचतो." मी ड्रिल मांडीवर घेऊन न्हाणीत बसलो होतो, अगदी रडकुंडीला आलेला.

"काहून मास्तर, ड्रिलले झोप लागली काय?" दारात चाचा, हातात हाताने फिरवायचं जुनं ड्रिल. चार भोकं पाडायला त्यांना दोन तास लागले. सदरा घामाने चिंब झाला, पण मला मूठ धरू दिली नाही. दांडा बसल्यावर स्वतः त्याला लोंबकळले. "माह्या वजनानं नाई निघाला, तं मायच्या वजनानं काय निघन!" तासाभराने आईने तोच दांडा धरला. ती पुन्हा कधी पडली नाही.

पुढे चाचा बार्शीटाकळीला लेकीकडे राहायला गेले. निघताना ते ड्रिल माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, "अन् तुमी, चाचा? औजार एकटं जात नाई ना?"

"आता संग जायाची पाळी तुमची."

काल समोरच्यांची सून ड्रिल मागायला आली. "देतो," म्हटलं, आणि चपला शोधू लागलो.