आतोबा आणि पास झालेले विषय

एकदा केलेली गोष्ट दुसऱ्यांदा करण्यापेक्षा उपाशी राहणं पत्करील असा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणतो. विमा कंपनीतल्या नोकरीनं त्यांना गावोगाव फिरवत शेवटी जयपूरला आणून सोडलं होतं. मी तिथल्या एका लहानशा संस्थेत पत्रकं लिहायच्या कामाला होतो आणि प्रताप नगरात त्यांच्याच घरी राहत होतो. पत्रकं वाचतच लहानाचा मोठा झाल्यामुळे माणसांचे शोषक आणि शोषित असे दोनच प्रकार असतात अशी माझी खात्री होती. आतोबा दोन्हींत बसेनात, त्यामुळे मी त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवून होतो.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना आमेरचा किल्ला दाखवणं हे जयपूरच्या मराठी माणसाचं आद्य कर्तव्य. आतोबा पाहुण्यांना पायथ्याशी सोडत आणि स्वतः स्कूटरवर बसून राहत. "मी पाहिलाय. बदलला असला तर खाली येऊन सांगा." एका चतुर्थीला अर्धा दिवस उपास करून त्यांनी विसरून भजी खाल्ली, तेव्हा झालेला अर्धा उपास त्यांनी पुढच्या चतुर्थीत जमा धरला आणि त्या दिवशी उरलेला अर्धा करून दुपारी बरोबर जेवायला बसले. देवाची हरकत असेल तर देव सांगेल, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात तर कहरच. पोटात कुठं दुखतंय ते एकदा कंपाउंडरला सांगून झालं की डॉक्टरांपुढे ते तोंड मिटून बसत. डॉक्टर विचारून विचारून थकले की म्हणत, "बाहेर सगळं सांगितलंय. दोघं आपसात बोलता की नाही?"

अशा स्वभावाचा माणूस आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली! नव्या गावात नवी शाळा, नवं बोर्ड, आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, मिनूच्या, हातात तेच जुने धडे. आतोबा सांगत, "ही पोरगी पानिपतची लढाई तीन गावांत शिकली. दरवेळी निकाल तोच लागला!"

अशात मिनू दहावीला गणित आणि विज्ञानात नापास झाली. इंग्रजी, हिंदी आणि सामाजिक शास्त्रात ती पास होती, पण शाळेच्या प्रिन्सिपल बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "दसवीं दोबारा करनी होगी सर, सारे विषय." आतोबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "मॅडम, पॉलिसी एक ब्रांच से दूसरी ब्रांच जाती है, तो हम ग्राहक को दोबारा पैदा होने को बोलते हैं क्या?" आणि मिनूचा दाखला घेऊनच ते घरी आले. मुलगी घरी शिकेल, आणि परीक्षा ओपन स्कूलची देईल.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मुलांचं मडकं भाजणारी भट्टी म्हणजे शाळा, असं मी तेव्हाच एका पत्रकात लिहिलं होतं. मी म्हणालो, "आतोबा, ही सुरुवात आहे. या भिंती पाडल्याच पाहिजेत!"

"पुढारी," आतोबा म्हणाले, "भिंती राहू देत. मला फक्त पोरीचे पास झालेले विषय बाहेर काढायचेत."

कारण ओपन स्कूलमध्ये जुन्या बोर्डात पास झालेले विषय जसेच्या तसे नव्या निकालात धरतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आयुष्यभर ज्या न्यायाची वाट पाहिली तो अखेर एका सरकारी नियमात सापडला, म्हणून त्या दिवशी मला मागे बसवून ते स्कूटरवर गात गात ओपन स्कूलच्या केंद्रावर गेले. तिथल्या बाईंनी मात्र सांगितलं की विषय दोनच धरतात. तिसरा सोडावा लागेल. आतोबा तिसऱ्यासाठी जेवणाच्या सुटीपर्यंत भांडले. अखेर इंग्रजी आणि सामाजिक शास्त्र आत गेलं आणि हिंदी दारात राहिली. एकूण विषय पाच लागत, म्हणजे आता तीन नवे हवे होते. गृहविज्ञान आणि चित्रकला झाली. पाचवा राहिला.

"हिंदी का ही पेपर दिलवा दीजिए सर," बाई कळकळीनं म्हणाल्या. "बच्ची हँसते-हँसते निकाल लेगी."

"हिंदीत ती पास आहे," आतोबा मला मराठीत म्हणाले, "पास झालेल्या विषयाला परत बसणं म्हणजे त्या विषयाचा अपमान." मग त्यांची नजर विषयांच्या तक्त्यावर फिरली आणि डोळे चमकले. "मराठी! अरे, मराठी आहे यात! पंधरा वर्षं घरात ऐकतेय पोरगी. ते कुठं तरी धरलं जायलाच हवं ना?"

मराठीची पुस्तकं आली त्या संध्याकाळी सात वाजता आतोबांनी जेवणाच्या टेबलावर मिनूला 'माझे गाव' या विषयावर लिहायला सांगितलं. तिनं बराच वेळ पेन चावून लिहिलं: 'बाबांचा गाव सातारा आहे. मी तिथे गेली नाही मतलब लहान होती तेव्हा गेली. तिथे पहाड आहे. बस.'

आतोबांनी ते वाचलं आणि चष्मा काढून आत्याकडे पाहिलं. "आपण हिच्याशी इतकी वर्षं काय बोलत होतो गं?"

"तुम्ही पेपर वाचत होता," आत्या म्हणाली. "आणि मी म्हणत होते, बेटा दूध पी ले. शाळेत हिला हसायला नकोत पोरं म्हणून."

विषय बदलायची मुदत संपून गेली होती. मराठी राहिली की दहावी राहिली, आणि दहावी राहिली की अकरावी. समोरच्या ब्लॉकमधली, मिनूच्याच वर्गातून पुढे गेलेली मुलगी रोज गोपालपुऱ्याच्या कोचिंगला निघाली की मिनू गॅलरीतून आत यायची. दुसऱ्यांदा नापास झाली तर ती पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मग आतोबांनी सात ते नऊ घरात हिंदीबंदी पुकारली. दूधवाला भैया आला तर त्याच्याशीही मराठी. तो बिचारा मान डोलवून अर्धा लिटर जास्त ओतून जायचा. "बाबा, मला थकान आली," मिनू म्हणायची. "थकवा," आतोबा म्हणायचे. उद्या तेच, परवा तेच. अजिंक्यताऱ्यावर मधमाश्या मागे लागल्याची गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली की पहिल्यांदा ते पळाले होते आणि शेवटी माश्या पळू लागल्या. मीही वाचनाचा सराव म्हणून तिला माझी पत्रकं दिली. आठवड्यानं तिनं निबंध लिहिला: 'गाय उपयुक्त प्राणी आहे. तिचे शोषण थांबले पाहिजे.'

"पुढारी," आतोबा म्हणाले, "तुझी पत्रकं उचल."

निकाल आम्ही सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत पाहिला. मिनू पास होती. सगळ्यांत कमी गुण मराठीत, पण पास! आतोबांनी खव्याच्या गोड मावा कचोऱ्या आणल्या, मजल्यावर वाटल्या, एक कॅफेवाल्याला नेऊन दिली. मिनू नव्या शाळेचं बोलायला खाली मैत्रिणींकडे पळाली.

संध्याकाळी सात वाजता आतोबा रोजच्यासारखे टेबलापाशी आपल्या खुर्चीत येऊन बसले होते. आत्या म्हणाली, "अहो, उठा, ताटं घ्यायचीत." ते उठले नाहीत. खालून मिनूचं हसणं ऐकू येत होतं. ती भरभरून हिंदीत काहीतरी सांगत होती, मधे श्वाससुद्धा न घेता. आतोबा कान देऊन ऐकत राहिले.

"बोलेल ना गं ती आता आपल्याशी मराठीत?" त्यांनी हळूच विचारलं. "परीक्षा तर संपली."

"तुम्ही बोललात तर बोलेल," आत्या म्हणाली, आणि ताटं परत फळीवर ठेवून तीही शेजारी बसली. मिनूला वर यायला बराच उशीर झाला. तोपर्यंत आम्ही कुणीच जेवलो नाही.