काचेतलं पाणी

आम्ही जुने चार-पाच जण अजून महिन्यातून एकदा कोपरखैरण्याला चहाला जमतो. कारखाना कधीच बंद पडला. त्या जागी आता चकचकीत बिल्डिंग आहे, गळ्यात पट्टे घातलेली पोरं आत-बाहेर करत असतात. पण आम्ही बसलो की किस्से निघतातच, आणि एकाला हात लावला की मागचे तीन अंगावर येतात, पॅकिंगमधल्या रिकाम्या ड्रमांच्या थप्पीसारखे. बहुतेक सगळे नव्वदीतल्या त्या एका वर्षातले. दुसरी युनियन आमची युनियन गिळायला आली होती, त्या वर्षातले.

आधी नामदेवचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

*

नामदेव भगत, घणसोली गावचा, आमचा बॉयलरवाला. महाप्याला आमचा रंगांचा कारखाना, वाफेशिवाय पान हलायचं नाही. एका दुपारी नामदेवला बॉयलरच्या काचेत पाणी दिसेना. काच म्हणजे बॉयलरला बाहेरून लावलेली उभी नळी, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. सुपरवायझर म्हणाला, पाणी सोड आणि चालू ठेव, बॅच अर्ध्यावर आहे. कोरड्या तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर तो फुटतो हे नामदेवला माहीत होतं. त्याने बर्नर बंद केला. बॉयलर वाचला, माणसं वाचली, बॅच गेली.

मॅनेजमेंटने चौकशी लावली. मुद्दाम नुकसान केलं म्हणून त्याला काढून टाकला. आमची युनियन लेबर कोर्टात गेली.

दुसऱ्या दिवसापासून हा पठ्ठ्या रोज तीन वाजता, पहिली पाळी सुटताना, सायकल घेऊन गेटवर हजर. पहिला जो बाहेर येईल त्याला विचारायचा, "प्रेशर किती हाय?" आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, होईल शांत. नाही झाला. शेवटी बॉयलरवरचा नवा माणूसच पाळी संपताना टाइम ऑफिसशेजारच्या पाटीवर खडूने आकडा लिहायला लागला. जो पहिला बाहेर पडेल त्याने तो वाचायचा आणि नामदेवला सांगायचा. आकडा कळला की हा सायकलवर टांग टाकून घरी. अडीच वर्षं हे चाललं होतं.

मी एकदा वैतागून म्हटलं, अरे बाबा, तुला काढलाय, तुला आकडा कशाला हवा? तो म्हणाला, "प्रेशर कोनीबी लांबून बघतो. पानी बघाला वाकाला लागतं." मला काही बोध झाला नाही. मी माझ्या बसमागे धावलो.

*

शेलारमामा आमचे सेक्रेटरी, फिटर माणूस. गेट मीटिंगला रंगाचा रिकामा ड्रम उलटा घालून त्यावर उभे राहायचे. त्यांचा एक नियम होता. मीटिंगमध्ये ज्याने प्रश्न विचारला, त्याच्या खात्यात दुसऱ्या दिवशी जाऊन उत्तर द्यायचं. चारचौघांत माणूस मान डोलावतो आणि तसाच घरी जातो, असं त्यांचं म्हणणं.

आमचा पगाराचा करार तीन वर्षं रखडला होता. मी तोंडाचा फटकळ, भर मीटिंगमध्ये बोललो की मामा, तुमच्याने होत नसेल तर सोडा. दुसऱ्या दिवशी मामा पॅकिंगमध्ये आले, खाली बसले आणि माझ्याबरोबर गोण्यांची तोंडं शिवायला लागले. म्हणाले, रखडला हे खरं आहे, आणि त्यात माझीही चूक आहे. मग सुतळी तोडत म्हणाले, "नामदेवची केस मागे घ्या, उद्या करार करतो म्हणतायत. तू सांग, करू सही?"

मी पुढची गोणी ओढली. खरं सांगतो, हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याचाच राग जास्त आला.

*

मग त्या दुसऱ्या युनियनचे साहेब आले. पांढरी जीप, पांढरी सफारी, मागे आठ-दहा माणसं. आमचा ड्रम बघून त्यावर चढायचं नाकारलं, खुर्ची मागवली. खुर्ची आमच्याच आवारातली. अर्धा तास भाषण ठोकून साहेब उठले तेव्हा पांढऱ्या सफारीची मागची बाजू पार गुलाबी! आमच्याकडे घरातल्या उशासुद्धा गुलाबी होत्या, घामातून रंग उतरायचा. नव्या माणसाला कोण सांगणार?

हसलो आम्ही, पण ते म्हणत होते ते कानात शिरलं होतं. "आमचे सभासद जास्त झाले की कंपनीशी बोलायची मान्यता आमची, आणि महिन्यात करार."

तेव्हा लॅबमधले कासिमभाई उठले. पनवेलकडचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी विचारलं, मान्यता तुम्हाला मिळाली की नामदेवच्या केसचं काय? साहेब म्हणाले, जुन्या केसेस आम्ही तपासून घेऊ. कासिमभाईंनी विचारलं, तपासून म्हणजे चालवणार की मागे घेणार? साहेब म्हणाले, एका माणसासाठी दोनशे घरं अडकवायची का, याचा तुम्हीच विचार करा.

कासिमभाई म्हणाले, "मी विचारलं तुम्हाला, आणि उत्तर मीच देऊ?" आणि खाली बसले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोनशे घरांत प्रत्येकाला आपलं घर दिसत होतं.

*

साहेबांची माणसं घणसोलीला नामदेवच्या घरीही जाऊन आली. हे मला त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. हिशेब मिटवून घे, राजीनामा दे, सगळ्यांचा रस्ता मोकळा होईल, असं त्यांचं म्हणणं. नामदेवने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. मग विचारलं की तुमच्या युनियनमधली कामावरून काढलेली मानसं कंच्या गेटवर उभी राहतात? माणसं कप ठेवून उठली.

ती गेल्यावर मात्र तो जेवला नाही, म्हणे. बायकोला म्हणाला की माझ्यापायी लोकांच्या पोरांचं अडतंय हे खोटं नाय. पण मी सही केली तर उद्या काच कोरडी दिसल्यावर बर्नर बंद कराची हिंमत कोन करील?

*

आता माझं. हा किस्सा मी वीस वर्षं कोणाला सांगितला नव्हता.

नव्या युनियनचा फॉर्म मी भरला. चहाच्या टपरीवर बसून, स्वतःच्या अक्षरात. माझं नाव, टोकन नंबर, खातं. 'आधीची युनियन सोडण्याचे कारण' असा एक रकाना होता. तिथे पेन अडलं. 'नामदेव' असं लिहिता येईना. शेवटी 'वैयक्तिक' लिहिलं, चौघडी केली आणि खिशात ठेवला. शनिवारी तीन वाजता साहेब गेटवर टेबल मांडणार होते, तिथे द्यायचा होता. घरी बायकोला सांगितलं नाही. तिने आदल्या दिवाळीला नामदेवच्या घरी फराळाचा डबा पाठवला होता.

*

शनिवार. गेटच्या डाव्या हाताला साहेबांचं टेबल, उजव्या हाताला रोजच्या जागी नामदेव. शेलारमामा समोरच्या कट्ट्यावर बसलेले. भोंगा झाला.

पहिले कासिमभाई बाहेर आले. त्यांनी नामदेवला रोजच्यासारखं सांगितलं, "साडेसात." एरवी यावर नामदेव निघायचा. पण मागून आलेला फिटरही थांबला. तोही म्हणाला, साडेसात. मग तिसरा, मग चौथा. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी खूण केली नव्हती. टेबलाकडे न बघता माणसं उजवीकडे वळत होती, पाटीवरचा आकडा त्याला सांगत होती आणि पुढे जात होती. ज्यांनी जन्मात बॉयलर बघितला नव्हता तीही. रांग पार टाइम ऑफिसपर्यंत गेली. नामदेव प्रत्येकाकडे बघून मान हलवत होता. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता.

मी सगळ्यात शेवटी होतो. साहेबांच्या माणसाने मला नावाने हाक मारली. मी उजवीकडे वळलो आणि म्हणालो, साडेसात.

नामदेवने माझ्याकडे बघितलं.

"पवार, आनि काचेत पानी किती हाय?"

पाटीवर पाणी लिहिलेलं नसायचं. मी मागे फिरलो. कार्ड पंच करून बाहेर पडलेल्याला वॉचमन आत सोडत नाही, पण त्याने गेट उघडलं.

बॉयलर हाऊसमध्ये मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा शिरलो. काच खाली, पाइपांच्या आड होती. वाकलो. नळीपुढच्या जाड काचेवर तेलाचा थर बसला होता, आतलं काही दिसेना. खिशात कागद होता. त्या फॉर्मनेच काच पुसली, नीट, वरपासून खालपर्यंत.

बाहेर आलो तेव्हा नामदेव तिथेच, सायकल धरून उभा.

"अर्ध्याच्या वर दोन बोटं," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि सायकलवर बसला.